अखंड चिरोटा

आमच्या घरी चिरोट्यांत दोन जाती असत. अखंड ते पाहुण्यांचे, मोडके ते आमचे. तीन पोळ्या एकावर एक, मध्ये तूप फेसून केलेला तांदळाच्या पिठाचा साटा, मग वळकटी, तुकडे, पुन्हा लाटणं, मंद आचेवर पदर सुटेपर्यंत तळणं. एवढा खटाटोप, आणि उत्तम ते परक्याला! का? तो आपला नाही म्हणून, की आपला व्हावा म्हणून? मला तो शुद्ध अन्याय वाटे. (डबा भरताना माझ्या हातून दोनचार हटकून मोडत, हा भाग निराळा.) इजिप्तमध्येही तुपाच्या पदरांचा फतीर मधाबरोबर पाहुण्यापुढे ठेवतात म्हणे, तिथल्या पोरांबद्दल मला सहानुभूती आहे.

हल्ली आम्ही उलव्याला राहतो. २०२४ साली अटल सेतू झाला, शिवडीहून समुद्र ओलांडून पाहुणा सहज येईल. पण तो फोन करतो, आणि आलाच तर "शुगर आहे हो!" म्हणतो. यंदाच्या दिवाळीत डबा तसाच राहिला.

"खाऊन टाका आता," बायको म्हणाली.

जन्मात प्रथमच अखंड चिरोटा हक्कानं उचलला. पण तोंडाशी नेईना. कान आपले दाराकडे. शेवटी ताटली घेतली आणि समोरच्या ब्लॉकची बेल वाजवली.