सम्राटाचा पहिला प्रश्न

परळीहून तेलगावकडे निघालं की सिरसाळा लागतं. या मुलखात मुकुंदराज आणि जैतपाळ राजाची गोष्ट आजही सांगितली जाते. रिकिबीत पाय ठेवून मांड टाकेपर्यंत मला ब्रह्म दाखवा, असा राजाचा हट्ट. ज्यांना जमलं नाही त्या साधूंना त्यानं तळं खणायला लावलं. मुकुंदराजांनी तेवढ्याच अवधीत त्याची समाधी लावली. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' हा ग्रंथ ११८८चा. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला दाखवतात, काही अभ्यासक विदर्भातल्या आंभोऱ्याचं नाव घेतात.

अशीच एक गोष्ट चीनमध्ये 'झुआंगझी' या ग्रंथात आहे. कोंगटोंग डोंगरावर ग्वांगचेंगझी नावाचा ऋषी राहत असे. वय बाराशे वर्षं, तरी शरीर खचलेलं नाही. ताओपंथीयांना तो पूज्य. एकोणीस वर्षं राज्य केलेला पीत सम्राट त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, सृष्टीचं सार मला द्या, म्हणजे पिकं चांगली येतील, प्रजेचं पोट भरेल. ऋषीनं त्याला झिडकारलं. तू राज्य करू लागल्यापासून ढग जमायच्या आत पाऊस पडतो, पानं पिवळी व्हायच्या आत गळतात, असं सुनावलं.

इथे मी दरवेळी अडतो. दसरा-दिवाळीनंतर ज्या जिल्ह्यातली माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला परमुलखात जातात, तिथल्या वाचकाला सम्राटाचा प्रश्न चुकीचा कसा वाटावा? पीक यावं, पोट भरावं, यापेक्षा राजानं दुसरं काय मागायचं? पण ऋषीचा राग प्रश्नावर नाही, विचारणाऱ्यावर आहे. ज्याच्या हावेनं ऋतू बिघडले, तोच ऋतूंवर आणखी ताबा मागतोय. दुष्काळी रानात बोअर दरवर्षी आणखी खोल नेऊन त्यावर ऊस उभा करणं हीसुद्धा तीच मागणी आहे. आणि तिचे धनी केवळ राज्यकर्ते नाहीत, आपणही आहोत.

सम्राट परतला. राज्य सोडलं, एकटा झोपडीत गवतावर निजला. तीन महिन्यांनी तो गुडघ्यांवर सरकत ऋषीच्या पायांशी आला. या वेळी त्यानं राज्याचं नावही काढलं नाही; स्वतःला कसं सांभाळावं, एवढंच विचारलं. ऋषी ताडकन उठून बसला आणि बोलू लागला: स्थिर राहा, शरीर शिणवू नकोस. मिंगकाळातल्या डाय जिन या चित्रकारानं ही भेट रंगवली आहे. चित्र बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. त्यात डोंगर प्रचंड, सम्राट एवढासा.

जैतपाळाला असं थांबावं लागलं नाही, म्हणून आपली गोष्ट मला थोडी उणी वाटते. तळं खणणाऱ्या साधूंचे हाल तिनं विसरू दिले नाहीत, हे मात्र तिचं मोठेपण. चिनी गोष्टीतही एक जागा रिकामी आहे. सम्राटाच्या राज्यात पुढे पाऊस वेळेवर पडू लागला की नाही, हे झुआंगझी सांगत नाही. मला तेच हवं होतं.