खांदा मोकळा झाला, कंठ नव्हे



बेहाआलोतखा या पाराशात लेवींच्या सेवेचा नियम आहे. लेवीने २५ व्या वर्षी सेवेत यावे व ५० व्या वर्षी निवृत्त व्हावे. पण लगेच पुढे पवित्र तोरा सांगते की, त्याने सभामंडपात आपल्या बांधवांसोबत सेवा करीत राहावे. मग ही निवृत्ती कसली? अकराव्या शतकातील थोर भाष्यकार राशी खुलासा करतात: खांद्यावर ओझे वाहणे संपले; दरवाजे लावणे, गायन करणे व गाड्यांवर सामान चढविणे चालूच राहते.

आम्हां निवृत्तांनी हे ध्यानी घ्यावे. कारखान्याची पाळी संपली, शाळेची घंटा थांबली. रविवारी सकाळी सारे कामावर गेले आणि आम्ही खिडकीशी बसून स्वतःस विचारले, 'आता आपला उपयोग काय?'

उपयोग आहे. मुंबईच्या मशिदीत वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या सेलिहोथच्या चाली, मालिद्याच्या वेळचे एलियाहू हन्नावीचे गीत, ही ठेव आमच्यापाशी आहे. नातवंडांची हिब्रू आमच्याहून सरस. पण चाल त्यांना पुस्तकातून मिळणार नाही.

'बांधवांसोबत' हा शब्द विसरू नये. घरी एकट्याने गुणगुणून भागणार नाही. येत्या शब्बाथला एका तरी मुलाला शेजारी बसवून घेऊ या. दरवाजे लावण्याचे काम आमच्याकडे आलेच आहे. लावण्यापूर्वी मुले आत आली की नाही, एवढे पाहू या.

परमेश्वर आम्हां सर्वांस आरोग्य देवो. आमेन.