स्फटिकातील सुया



माझ्या मेजावरील कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून मी त्यांवर एक स्फटिकाचा खडा ठेवीत असतो. लिंबाएवढा, पाण्यासारखा नितळ. परंतु त्याच्या पोटात सोनेरी सुयांचा एक जुडगा आहे. काही सुया केसाइतक्या बारीक, तर काही गवताच्या काडीसारख्या. जयपूरच्या ज्या जवाहिऱ्याकडून तो घेतला, त्याने हा दगड ब्राझीलच्या बाहिया प्रांतातला असल्याचे सांगितले. त्या प्रांतातील नोवो ओरिझोन्ते येथील असे स्फटिक जगप्रसिद्धच आहेत.

खड्याचे अंग सिलिकाचे, म्हणजे आपल्या ओढ्यातील गारगोटीचे ते सख्खे भावंड. सुया मात्र रुटाइल नावाच्या निराळ्या खनिजाच्या. १७९५ साली क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने याच खनिजात टायटॅनियम हे मूलद्रव्य ओळखले. बहुधा सुया आधी वाढतात, आणि मग खडकाच्या भेगांतून वाहणाऱ्या, सिलिका विरघळलेल्या उष्ण पाण्यातून त्यांच्याभोवती स्फटिक थराथराने जमत जातो. कधी दोघेही एकाच वेळी वाढतात. रत्नांच्या पोटातील अशा परक्या वस्तूंचा अभ्यास करण्यात स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड ग्युबेलिन (१९१३–२००५) यांनी आयुष्य वेचले. सामान्य जवाहीर ज्याला डाग म्हणून नाक मुरडी, त्यातच ते रत्नाच्या जन्माची हकिकत वाचीत. हिऱ्यात असे काही आढळले तर किंमत उतरते. या स्फटिकात आढळले तर चढते. घड्याळासाठी कारखान्यात वाढविलेल्या स्फटिकात मात्र सुई असून चालतच नाही!

इतके सगळे वाचल्यावर, आणि उपदेशकाला दृष्टान्ताची हाव असतेच, मी तो खडा काही वर्षांपूर्वी मध्य प्रदेशातील एका मराठी मंडळीत घेऊन गेलो. उपासनेत तो उंच धरून मी म्हणालो, की आपल्या जीवनातील दुःख हे असेच आहे. आपण त्याला व्यंग समजतो, परंतु प्रकाशात धरले तर ते सोने असते. लोकांना संदेश आवडला. मुले खडा पाहण्यास पुढे आली.

उपासनेनंतर एक वयस्क भगिनी दाराशी थांबल्या होत्या. त्यांचा तरुण मुलगा त्याच वर्षी गेला होता, हे मला मागाहून कळले. त्यांनी खडा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि शांतपणे विचारले, “भाऊ, याला टोचतं का हो?”

मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आज आठवत नाही, आणि आठवत नाही हेच बरे.

वाचकहो, माझी चूक दृष्टान्त निवडण्यात नव्हती, तो दुसऱ्याच्या वतीने वापरण्यात होती. स्फटिकाला सुई टोचत नाही, कारण त्याला मज्जा नाहीत. इतकेच नव्हे, तर सुई त्याच्यात घुसलेलीच नसते. ती होती, आणि तो तिच्याभोवती वाढला. मनुष्याच्या उरात काटा शिरतो तो वाढलेल्या, जिवंत देहात शिरतो. शिवाय सुईचे सोनेरीपण खड्याला दिसत नाही. ते बाहेरून पाहणाऱ्याला दिसते. मी बाहेरचा होतो, आणि माझ्या डोळ्यांना जे सुंदर दिसले ते मी त्या माउलीच्या पदरात भेट म्हणून टाकू पाहत होतो.

भाषांतराच्या कामात करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा बारावा अध्याय समोर येतो. तेथे पौल आपल्या देहातील ज्या काट्याविषयी लिहितो, त्यासाठी मूळ ग्रीक शब्द ‘स्कोलोप्स’ आहे. त्याचा अर्थ काटा, आणि अणकुचीदार खुंटाही. शब्द गोड नाही. पौलाने तो दूर व्हावा म्हणून तीनदा विनविले, आणि तो दूर झाला नाही. पुढे त्याला जे समाधान लाभले ते कृपेविषयी आहे. काटा सुंदर असल्याचे त्याने कोठेही म्हटलेले नाही. आणि त्याला जे कळले ते ज्याच्या देहात काटा होता त्यालाच कळले. करिंथच्या एखाद्या वडिलाने येऊन ते त्याला समजावले नाही.

ईयोबाच्या मित्रांचेही तेच. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले, तोवर ते खरे मित्र होते. पुढे त्यांनी तोंडे उघडली. (त्याच ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात, ज्ञानापुढे फिकी पडणाऱ्या मौल्यवान वस्तूंच्या यादीत, ‘गाबीश’ हा इब्री शब्द येतो. जुन्या करारात तो एवढ्या एकाच ठिकाणी असल्याने आम्हा भाषांतरकारांना घाम फोडतो. पुष्कळांनी त्याचा अर्थ स्फटिक असाच केला आहे.)

मग दुःखाला अर्थच नाही, असे मी म्हणतो काय? नाही. एखादा विश्वासी स्वतः आपल्या काट्याकडे पाहून ‘हे सोने झाले’ असे म्हणेल, तर मी मान लववीन. परंतु ते वाक्य प्रथमपुरुषी आहे. त्याला द्वितीयपुरुषी केले की व्याकरण तेच राहते आणि सत्य निसटते.

दोन वर्षांनी त्याच मंडळीत जाण्याचा पुन्हा योग आला. खडा नेला नाही. दुपारी त्या भगिनींच्या घरी गेलो आणि त्यांच्या मुलाचे नाव विचारले. त्यांनी भिंतीवरचा फोटो काढून माझ्या हाती दिला, आणि दिवेलागणीपर्यंत त्याच बोलत होत्या.