फाटू द्या पुस्तकं

परवाचे फोटो तुमच्याही मोबाइलवर आले असतील. कलामसाहेबांच्या तसबिरीला हार, सतरंजीवर रांगेने बसलेली मुलं, प्रत्येकाच्या हातात कोरं पुस्तक आणि सगळ्यांची नजर फोटो काढणाऱ्या गुरुजींकडे. २०१५ पासून आपण १५ ऑक्टोबरला, त्यांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन पाळतो. पाहुण्यांना शाल-नारळ, वाचनाच्या महत्त्वावर भाषण, मग पुस्तकं मोजून कपाटात परत. यंदा डहाणू तालुक्यातल्या एका शाळेत हे सगळं मी उभं राहून पाहिलं. कपाटाच्या काचेआड माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ हे चित्रांचं पुस्तक होतं. त्याचं प्लॅस्टिकचं वेष्टनही काढलेलं नव्हतं.

का, म्हणून विचारलं. वेळ नाही, शिक्षक कमी आहेत, हे आलं आणि गेलं. ठामपणे सांगितलं गेलं ते एकच कारण: “मुलं पुस्तकं फाडतात हो!” हे कारण पालघर जिल्ह्यात मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे की आता ते तपासायलाच हवं.

किती फाडली? नोंद नाही. कशी असेल, पुस्तक कधी दिलेलंच नाही. म्हणजे मुलाने अजून न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा त्याला आधीच देऊन ठेवली. खिचडी सांडते म्हणून ताटल्या कुणी कुलपात ठेवत नाही. शिवाय कुलपातलं पुस्तक शाबूत राहतं, हेही खोटं. आपली खारी, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. बंद कपाटात पानं एकमेकांना चिकटतात, बुरशीचे पिवळे डाग पडतात, कसर बांधणीतली खळ खाते आणि खालच्या खणाला वाळवी लागते. वाळवीने खाल्लेली पुस्तकं पोत्यात भरून बाहेर काढताना मी पाहिली आहेत. त्यांचा हिशेब कुणी कुणाला विचारला नाही. मुलाच्या हातून कोपरा दुमडला, तर मात्र वर्गापुढे उभं करतात.

बरं, फाटलं समजा. कैनाडच्या एका पाड्यावर ओसरीत हेच ‘चित्रवाचन’ उघडून ठेवलं होतं. पहिलीतली एक मुलगी पालथी पडून पानावर बोट फिरवत होती. शाळेत तिच्याबद्दल ‘बोलत नाही’ असा शेरा आहे. चित्राच्या कडेला, मोठ्यांची नजर जात नाही अशा ठिकाणी तिला काहीतरी सापडलं आणि ती भावाला ते आपल्या वारलीत सांगायला लागली. थांबेचना. घाईने पान उलटताना खालचा कोपरा टरकन फाटला. ती दचकून गप्प झाली. चुलीवर वाटीभर पाण्यात चमचाभर मैदा शिजवला, खळ झाली. पातळ कागदाची पट्टी कापली, भावाने पान दाबून धरलं, तिने बोटाने खळ पसरली. पान जोडलं गेलं आणि गोष्ट पुढे सुरू झाली. फाडण्याच्या संकटावरचा उपाय एवढाच आहे, तो सहा वर्षांच्या मुलीला जमतो.

ती ज्या पानावर पालथी पडली होती, त्यामागची तयारी केवढी आहे! माधुरी पुरंदरे यांचा जन्म १९५२ चा. जे. जे.मध्ये चित्रकला शिकल्या, पुढे पॅरिसला गेल्या, पुण्यात फ्रेंच शिकवलं. पिकासोचं चरित्र लिहिलं, व्हॅन गॉगच्या आयुष्यावरची ‘लस्ट फॉर लाइफ’ मराठीत आणली, बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ अनुवादलं. एवढी शिदोरी असलेल्या बाईंनी ती उघडली पहिली-दुसरीतल्या मुलांसमोर. शब्द त्यांचे आणि चित्रंही त्यांचीच. ‘राधाचं घर’, यशच्या गोष्टी, ‘बाबाच्या मिश्या’. बापाच्या मिशीचं एका पोरीला वाटणारं अप्रूप, एवढ्यावर आख्खं पुस्तक उभं राहतं. शेवटी तात्पर्य नाही. या तात्पर्यावर माझा जुना राग आहे. गोष्ट संपली रे संपली की “यावरून काय बोध घ्याल?” असं विचारून आपण मुलाच्या तोंडची चव घालवतो. माधुरीताई मुलाला विश्वासाने मोकळं सोडतात.

‘वाचू आनंदे’मध्ये त्यांनी मराठीतले उत्तम उतारे आणि कविता वेचल्या, त्यांच्याशेजारी नामवंतांची चित्रं ठेवली. मुलांसाठी म्हणून काही स्वस्तातलं उरकलं नाही. ‘लिहावे नेटके’ मुलांना स्वतः लिहितं करतं. २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, २०१६ मध्ये टाटा ट्रस्टच्या परागचा पहिला बिग लिटल बुक पुरस्कार. आनंद आहे. पण शाल-नारळ लेखिकेला आणि कुलूप पुस्तकाला, हा मान मला मान्य नाही.

आणि हे कुठे चाललं आहे? १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीत आल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, त्या या तालुक्यात. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्या बालवाडी घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात नेली. त्यांच्या नावाने कार्यक्रम करणाऱ्यांना पुस्तक कपाटापासून बाकापर्यंत नेणं जड जावं? इथे लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहिला जातो. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे इथलेच. चित्र वाचणं या मुलांना घरातच मिळालेलं आहे. अनोळखी प्रमाण मराठीच्या दारात गोंधळून उभ्या असलेल्या मुलासाठी चित्राचं पुस्तक ही पहिली पायरी आहे, आणि आपण नेमकी तीच काढून घेतो.

गुरुजींनाही मी खलनायक ठरवणार नाही. जडसंग्रह नोंदवहीत पुस्तकं भरायची आणि तपासणीत एक कमी निघालं की उत्तर त्यांनीच द्यायचं. घाबरणारच. पण जीर्ण वस्तूंचं निर्लेखन करता येतं. खुर्च्यांचं होतं, सतरंज्यांचं होतं. वाचून वाचून जीर्ण झालेलं पुस्तकही त्या यादीत जाऊ द्या. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी ती यादी पाहून त्या शाळेचं कौतुक करावं. ते जमत नसेल, तर निदान रागावू तरी नये.

घाई एवढ्यासाठी की दिवाळी तोंडावर आहे. भात घरात आलं की आपल्याकडची कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतील, मुलंही जातील. त्यांच्या गाठोड्यात दोन-दोन पुस्तकं जाऊ द्या. काही परत येणार नाहीत, हे धरूनच द्या. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, त्यांनी सुट्टी लागण्याआधी शाळेत जावं आणि ते कपाट उघडायला लावावं.