परतंत्र यंत्राची सत्यता

जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञांनी १९७४ साली आभासी यंत्राची जी व्याख्या मांडली, ती या शास्त्राचा पाया म्हणून आजही मानली जाते. खऱ्या यंत्राची कार्यक्षम आणि इतरांपासून अलग राखलेली प्रतिकृती म्हणजे आभासी यंत्र, असे तिचे सार असून तिला तीन अटी जोडलेल्या आहेत. त्या यंत्रावर चालणाऱ्या प्रोग्रॅमचे वर्तन खऱ्या यंत्रावर झाले असते तसेच व्हावे, त्याच्या बहुतेक आज्ञा मध्ये कोणाचा हस्तक्षेप न होता थेट प्रोसेसरवर चालाव्यात, आणि साधनांवरचा अंतिम ताबा मात्र एका नियंत्रक प्रोग्रॅमकडेच राहावा. या नियंत्रकाला हायपरव्हायझर म्हणतात. तो ज्या लोखंडी सर्व्हरवर बसतो त्याला होस्ट आणि त्याच्या आश्रयाने चालणाऱ्या यंत्रांना गेस्ट म्हणण्याची रूढी आहे. मोठ्या कंपन्यांच्या डेटा सेंटरमध्ये एकेका होस्टवर असे कितीतरी गेस्ट नांदतात. प्रत्येकाची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, डिस्क वेगळी, पत्ता वेगळा; एक पगारपत्रके काढतो, दुसरा डेटाबेस सांभाळतो, तिसरा टपाल पोचवतो. ही यंत्रे रॅकमध्ये शोधू गेल्यास सापडत नाहीत, आणि तरीही त्यांतले एखादे बंद पडले की रात्री कोणाला तरी झोपेतून उठावे लागते. अशा वस्तूला ‘आहे’ म्हणावे की ‘नाही’, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने अभियंत्यांवर सोडून देण्यासारखा नाही.

भारतीय वाचकाला याचे सर्वांत सोपे उत्तर मायावादात सापडते: होस्ट सत्य, गेस्ट माया. हे उत्तर जितक्या चटकन सुचते तितक्याच चटकन ते बाजूला ठेवावे लागते. अद्वैत वेदान्तात मिथ्यात्वाची कसोटी बाध ही आहे, म्हणजे आधीचे ज्ञान नंतरच्या अधिक खऱ्या ज्ञानाने रद्द होणे. दोरीचे ज्ञान झाले की साप उरत नाही. याउलट, हायपरव्हायझरचा कारभार नखशिखांत जाणणाऱ्या व्यवस्थापकासाठीही गेस्ट जसाच्या तसा चालू असतो, किंबहुना तो त्याच्या ज्ञानामुळेच नीट चालतो. अद्वैती यावर उत्तर देईल की होस्ट काय आणि गेस्ट काय, दोघेही व्यावहारिक सत्तेच्या पातळीवरचेच आहेत आणि बाध होईल तो ब्रह्मज्ञानाने, दोघांचा एकदमच. हे उत्तर निर्दोष आहे, पण त्याचा अर्थ एवढाच की होस्ट आणि गेस्ट यांच्यातल्या भेदाविषयी मायेच्या कल्पनेला काहीच सांगायचे नाही. खरा प्रश्न व्यवहाराच्या आतच उरतो.

बौद्ध नैयायिक धर्मकीर्तीने सातव्या शतकात सत्तेची जी कसोटी दिली, ती अर्थक्रियेची: जे काही कार्य घडवू शकते तेच खरे सत्. या कसोटीवर गेस्ट विनासायास उतरतो, कारण त्याने काढलेला पगार खात्यात जमा होतो. मात्र ही कसोटी होस्टलाही तेवढीच लागू पडते आणि दोघांतले नाते काय ते सांगत नाही, म्हणून तिच्याजवळ फार रेंगाळण्याचे कारण नाही.

अवच्छेदवादाचा विचार मात्र सावकाशीने करायला हवा. वाचस्पती मिश्रांच्या ‘भामती’शी जोडलेल्या या मतानुसार जीव म्हणजे उपाधीने मर्यादित झालेले ब्रह्म होय, घटात सापडलेले आकाश जसे वेगळे भासते, पण असते एकच अखंड आकाश, तसे. एका प्रोसेसरचा वेळ आणि एका सर्व्हरची स्मृती अनेक गेस्टांत विभागली जाते, तेव्हा हा दृष्टान्त अगदी बेतल्यासारखा वाटतो. आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात १९६० च्या दशकाच्या मध्यावर सीपी-४० ही प्रणाली तयार झाली, तिच्या मुळाशी हीच कल्पना होती की महागडे यंत्र एकच असले तरी प्रत्येक वापरणाऱ्याला ते संपूर्ण आपलेच असल्यासारखे मिळावे. पण आकाश आणि सिलिकॉन यांच्यात एक फरक आहे आणि तो दृष्टान्ताच्या वर्मावर बोट ठेवतो. घट कितीही वाढले तरी आकाश कमी पडत नाही. होस्टची स्मृती कमी पडते. कंपन्या होस्टवर असलेल्या स्मृतीपेक्षा अधिक स्मृती गेस्टांना देऊ करतात, कारण सगळे एकाच वेळी मागणार नाहीत असा त्यांचा हिशेब असतो. तो हिशेब चुकला की हायपरव्हायझर एक युक्ती योजतो, जिचे सविस्तर वर्णन व्हीएमवेअर कंपनीच्या ईएसएक्स सर्व्हरसंबंधी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात आढळते. गेस्टच्या आत बलून नावाचा एक लहान ड्रायव्हर बसवलेला असतो. होस्टला टंचाई भासली की हा ड्रायव्हर गेस्टकडूनच स्मृती मागून फुगतो, गेस्ट आपल्याला नको असलेली स्मृतीची पाने आपण होऊन मोकळी करतो, आणि ती पाने होस्ट दुसऱ्या कोणाला देतो. गेस्टला कळते ते इतकेच की आपल्याच घरातला कोणीतरी अचानक खादाड झाला आहे. घटाकाशाला असा अनुभव येण्याचा संभव नाही.

या परिस्थितीला अधिक नेमके लागू पडते ते मध्वाचार्यांचे वर्गीकरण. ‘तत्त्वसंख्यान’ या आपल्या छोट्या ग्रंथात त्यांनी तत्त्वाचे दोनच प्रकार सांगितले, स्वतंत्र आणि अस्वतंत्र. आणि त्यांच्या मताचे बळ यात आहे की जे अस्वतंत्र आहे ते त्यामुळे असत्य ठरत नाही. जग ईश्वरावर अवलंबून आहे, तरीही ते खरेच आहे. परतंत्रता आणि मिथ्यात्व या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या की आभासी यंत्राविषयीचा बहुतेक गोंधळ निवळतो. पोपेक आणि गोल्डबर्ग यांची तिसरी अट, म्हणजे साधनांवरचा पूर्ण ताबा नियंत्रकाकडे असण्याची, ही पारतंत्र्याचीच व्याख्या आहे. आणि पहिली अट, वर्तन तेच असण्याची, ही त्या पारतंत्र्यात खरेपणा कायम राहतो याची हमी आहे. अर्थात मध्वमताशी हे साम्य दोन ठिकाणी तुटते. मध्वांच्या विश्वात विष्णू हे एक स्वतंत्र तत्त्व आहे. डेटा सेंटरमध्ये स्वतंत्र असे काहीच नाही, कारण होस्ट प्रोसेसरच्या अंतर्गत मायक्रोकोडवर, मायक्रोकोड विजेवर आणि वीज प्रसंगी डिझेल जनरेटरवर अवलंबून असते, शिवाय क्वचित होस्ट स्वतःच दुसऱ्या कोणाचा तरी गेस्ट असतो. दुसरे म्हणजे मध्वांच्या मते एका जीवाचा दुसऱ्या जीवापासूनचा भेद हा त्या त्या वस्तूच्या स्वरूपातच असतो, तो कोणी राखावा लागत नाही. गेस्टांमधला भेद मात्र सतत राखावा लागतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये इंटेलच्या प्रोसेसरांतला फोरशॅडो हा दोष जाहीर झाला, तेव्हा एकाच कोअरवर शेजारी चालणारा गेस्ट दुसऱ्याच्या कॅशमधली माहिती वाचू शकतो हे उघड झाले, आणि अनेक ठिकाणी वेगाचा त्याग करून हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोअरवर दोन कामे एकदम चालवण्याची सोय, बंद करणे हाच सुरक्षित मार्ग ठरला. येथे भेद हा स्वभाव नसून किंमत मोजून चालवलेली व्यवस्था आहे.

आता ज्ञानाचा प्रश्न येतो: परतंत्र असलेल्याला आपले पारतंत्र्य कोणत्या प्रमाणाने कळावे? प्रत्यक्षाचा मार्ग जवळजवळ बंद असतो, कारण पहिली अटच तो बंद करते. २००४ साली जोआना रुट्कोव्स्का या पोलिश संशोधिकेने दाखवून दिले की त्या काळच्या इंटेल प्रोसेसरांवर केवळ एका आज्ञेने गेस्टला आपली अवस्था ओळखता येई. ती आज्ञा यंत्राच्या एका अंतर्गत तक्त्याची जागा सांगत असे आणि गेस्टच्या बाबतीत ही जागा भलतीच निघे. पुढे प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय आली आणि ही खूण पुसली गेली. मात्र मूळ व्याख्येतच दोन अपवाद नोंदवलेले होते आणि तत्त्वचिंतकाने त्यांपाशी थांबावे असे ते आहेत: वर्तन तेच राहील, पण काळ आणि साधनांची उपलब्धता यांमुळे पडणारा फरक सोडून. म्हणजे परतंत्राला आपल्या पारतंत्र्याची अनुमानाने जाणीव होते ती दोनच हेतूंवरून, म्हणजे खुणांवरून: उशीर आणि टंचाई. प्रोसेसरची ओळख विचारणारी आज्ञा इंटेलच्या यंत्रणेत हायपरव्हायझरकडे गेल्याशिवाय राहत नाही, आणि त्या फेरीला लागलेला वेळ मोजला तर मध्ये कोणीतरी आहे हे ताडता येते.

नेटवर्कमध्येही हेच दिसते. २०१४ साली तपशिलाने प्रसिद्ध झालेल्या व्हीएक्सलॅन या पद्धतीत गेस्टने पाठवलेली संपूर्ण चौकट (फ्रेम) दुसऱ्या पाकिटात घालून खऱ्या जाळ्यावरून नेली जाते. पूर्वीच्या व्हीलॅनमध्ये ४०९४ स्वतंत्र जाळी शक्य होती, ती संख्या येथे एक कोटी सदुसष्ट लाखांच्या पुढे जाते, आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे गेस्ट तेच पत्ते वापरूनही एकमेकांना दिसत नाहीत. प्रत्येकाला वाटते की तार आपलीच आहे. पण बाहेरच्या पाकिटाचे सामान्यतः ५० बाइट असतात, खालच्या जाळ्याची पाकिटाच्या आकाराची मर्यादा तेवढी वाढवलेली नसली की मोठी पाकिटे गळू लागतात, लहान मात्र बिनबोभाट पोचतात. पिंग लागतो आणि फाइल जात नाही, ही नेटवर्क सांभाळणाऱ्यांची नेहमीची तक्रार म्हणजे झाकलेल्या अधिष्ठानाचा ५० बाइटांपुरता झालेला साक्षात्कारच म्हणावा लागेल.

उरते शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासू वक्त्याचे वचन, आणि व्यवहारात तेच सर्वांत बलवान ठरले आहे. कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये गेस्टपासून काही लपवण्यात कोणाला स्वारस्य नसते. हायपरव्हायझर विचारल्यावर आपले नाव सरळ सांगतो. लिनक्स गेस्टमध्ये ‘स्टील’ नावाचा एक आकडा दिसतो, जो गेस्टला चालायचे असूनही होस्टने दुसऱ्यांना दिलेल्या वेळाचे प्रमाण दाखवतो. आपला किती काळ हिरावला गेला हे गेस्टला स्वतःला मोजता येत नाही, हिरावून घेणाऱ्याच्या वचनावर विश्वास ठेवून ते मानावे लागते. आप्तवाक्याचे प्रामाण्य वक्त्याला विषयाचे साक्षात ज्ञान असण्यावर आणि ते जसेच्या तसे सांगण्याच्या त्याच्या इच्छेवर अवलंबून असते असे न्यायदर्शन सांगते. येथे वक्ता हाच लाभार्थी आहे, आणि तरीही दुसरे प्रमाण उपलब्ध नाही.

या शब्दप्रमाणाची निकड सर्वांत जास्त भासते ती ओळखीच्या प्रश्नात. क्षणिकवादी बौद्धांविरुद्ध नैयायिकांचा आणि मीमांसकांचा मुख्य आधार प्रत्यभिज्ञा हा होता: काल ज्याने पाहिले तोच मी आज आहे, अशी जी ओळख पटते तीच स्थिर आत्म्याचा पुरावा. गेस्ट चालू असताना एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवला जातो, तेव्हा त्याच्या स्मृतीची पाने आधी नेली जातात, मधल्या काळात बदललेली पुन्हा नेली जातात, आणि अखेरीस निमिषभर थांबून तो नव्या लोखंडावर उठतो. येथवर प्रत्यभिज्ञा टिकते. पण स्नॅपशॉटमध्ये यंत्राची एका क्षणाची संपूर्ण अवस्था जपून ठेवता येते आणि नंतर यंत्र त्या क्षणावर परत आणता येते. तसे परत आणलेले यंत्र आपल्या स्मृतीशी पूर्ण प्रामाणिक असूनही जगाच्या दृष्टीने चुकीचे असते, कारण त्याने मधल्या काळात केलेली कर्मे त्याच्या आठवणीतून गेली तरी इतरांच्या नोंदींतून गेलेली नसतात.

मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत हा केवळ विचारापुरता पेच राहिला नाही. कंपनीतल्या सर्व खात्यांची नोंद ठेवणारे डोमेन कंट्रोलर आपापल्या बदलांना चढते क्रमांक देतात आणि कोणाचे कुठल्या क्रमांकापर्यंतचे बदल पोचले हे एकमेकांविषयी लक्षात ठेवतात. स्नॅपशॉटवरून मागे नेलेला कंट्रोलर जुनेच क्रमांक नव्या बदलांना देऊ लागतो. सोबती समजतात की हे बदल आपल्याकडे आधीच आले आहेत, आणि ते घेत नाहीत. अनेकदा कोणतीही चूक दिसत नाही, पण नोंदी कायमच्या फाकत जातात. विंडोज सर्व्हर २०१२ पासून यावर जो उपाय आला, त्यात हायपरव्हायझर प्रत्येक गेस्टला एक ओळखक्रमांक दाखवतो आणि गेस्ट काळात मागे नेला गेला की तो बदलतो. कंट्रोलर आपल्याजवळ जपलेला क्रमांक आणि दाखवलेला क्रमांक ताडून पाहतो; ते जुळले नाहीत तर तो प्रत्यभिज्ञेवर विसंबत नाही, स्मृती सगळी जुनीच ठेवतो, पण सोबत्यांपुढे नवी ओळख धारण करतो आणि मधल्या काळातले स्वतःचेच बदल त्यांच्याकडून परत मागून घेतो.