बिडाच्या पोटातील रचना

धातूचे गुण त्याच्या घटकांवरून ठरतात ही समजूत जितकी जुनी तितकीच अपुरी आहे, आणि तिचे अपुरेपण सोलापूरच्या औद्योगिक वसाहतींत तयार होणाऱ्या एका वस्तूत स्पष्ट दिसते. चादरींसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी मोटारींच्या इंजिनांसाठी कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनातील झडपांची उघडझाप ठरल्या वेळी घडवून आणणारे दांडे, बनवते. दांड्यावरचे उंचवटे, म्हणजे कॅम, सतत घासले जात असल्याने कठीण असावे लागतात, तर उरलेला दांडा यंत्रावर कातता येईल इतपत मऊ लागतो. चिल्ड बिडाच्या कॅमशाफ्टमध्ये हे दोन्ही गुण एकाच रसातून, एकाच ओतणीत साधले जातात. वाळूच्या साच्यात कॅमच्या जागी धातूचे ठोकळे बसवलेले असतात, त्यांना ओतशाळेत चिल म्हणतात; ते उष्णता झपाट्याने ओढून घेतात, त्यामुळे कार्बनला सुटे होण्यास अवधी मिळत नाही आणि तो लोहाशी संयोग पावून सिमेंटाइट हे अतिशय कठीण संयुग बनवतो. बाकीच्या भागात वाळूमुळे रस सावकाश निवतो, आणि तोच कार्बन ग्राफाइटच्या पाकळ्यांच्या रूपाने वेगळा होतो. रासायनिक पृथक्करण करणाऱ्याला दोन्ही भागांत सारखाच, तीन टक्क्यांहून थोडा अधिक कार्बन आढळेल. फरक आहे तो केवळ मांडणीचा.

मांडणीचा हा विचार प्रयोगशाळेत जन्मला नाही. ओतारी मंडळी मोडलेल्या तुकड्याचा रंग पाहून बिडाला पांढरे किंवा करडे म्हणत आली, आणि फ्रान्समध्ये रेओम्यूर याने १७२२ च्या आपल्या ग्रंथात भंगाच्या पृष्ठभागावरील कणांचा संबंध लोखंड व पोलादाच्या गुणांशी जोडला. परंतु भंग सर्वांत दुबळ्या वाटेने जातो, म्हणून तो धातूपेक्षा त्याच्या मोडण्याविषयी अधिक सांगतो. ही अडचण शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी याने दूर केली. खडकांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची सवय असलेल्या या भूवैज्ञानिकाने १८६३–६४ च्या सुमारास पोलादाचा तुकडा आरशासारखा घासून त्यावर सौम्य आम्ल फिरवले आणि मग तो पाहिला. सूक्ष्मदर्शकांच्या इतिहासात भिंगांना जेवढे श्रेय मिळते तेवढे या आम्लाला मिळत नाही, हा अन्यायच म्हणावा लागेल.

आजही बिडाचा नमुना तपासताना हीच रीत चालते. कापलेला तुकडा बेकलाइटमध्ये बसवून क्रमाने बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरवर घासतात, दर पेपरला दिशा काटकोनात बदलतात, आणि आधीचे ओरखडे पुसले गेल्यावरच पुढचा पेपर घेतात. कापडावर शेवटची झिलई दिल्यानंतर करड्या भागात चकाकत्या पृष्ठभागावर ग्राफाइटच्या काळ्या वाकड्या रेघा तेवढ्या दिसतात. नायटल, म्हणजे अल्कोहोलात मिसळलेले थोडे नायट्रिक आम्ल, काही सेकंद लावले की रेघांमधली कोरी जागा जागी होते आणि तिथे पर्लाइट, म्हणजे लोह व सिमेंटाइट यांच्या आलटून पालटून रचलेल्या पातळ पट्ट्या, उमटतो. आम्ल जरा जास्त वेळ राहिले तर सगळेच काळवंडते आणि पुन्हा झिलई करावी लागते.

या पट्ट्या जिथे फार बारीक होतात तिथे प्रकाशाचे सामर्थ्य संपते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते (नॅनोमीटर म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग), आणि एर्न्स्ट आबे याने १८७३ मध्ये मांडलेल्या मर्यादेनुसार साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन रेषा सामान्य प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला वेगळ्या दाखवता येत नाहीत. विचाराचे खरे वळण याच सीमेवर आले, आणि ते उपकरणामुळे आले नाही. जर्मनीत १९०६ मध्ये आल्फ्रेड विल्म याला तांबे व थोडे मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून पाण्यात बुडवल्यानंतर, नुसते ठेवून दिले असता काही दिवसांत आपोआप कठीण होत असल्याचे आढळले, परंतु सूक्ष्मदर्शकाखाली काहीच बदललेले दिसेना. १९१९ मध्ये अमेरिकेत मेरिका व त्याच्या सहकाऱ्यांनी दिसू शकणार नाहीत इतके लहान कण आत साचत असले पाहिजेत असा तर्क मांडला. १९३८ मध्ये फ्रान्सच्या गिनिए आणि इंग्लंडच्या प्रेस्टन यांनी स्वतंत्रपणे, क्ष-किरणांच्या विखुरण्यावरून, तांब्याच्या अणूंचे जेमतेम एकदोन अणूंइतके जाड थर दाखवून दिले. न दिसणाऱ्या रचनेवर विश्वास ठेवण्याचे धैर्य धातुविज्ञानाला येथे आले. डिस्लोकेशनची, म्हणजे स्फटिकातील अणूंच्या अर्धवट राहिलेल्या ओळीची, कल्पनाही १९३४ मध्ये कागदावरच मांडली गेली, आणि केंब्रिजमध्ये हर्श, हॉर्न व व्हेलन यांना ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने सरकताना दिसली ती १९५६ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात एर्विन म्यूलर आणि त्याचा भारतीय विद्यार्थी कंवर बहादूर यांनी टंगस्टनच्या सुईच्या टोकावरचे सुटे अणू पाहिले होते. धातूतील अणू एकेक करून उडवून ओळखणारा आजचा ॲटम प्रोब त्याच सुईच्या वंशातला आहे.

नजर जितकी खोल जाते तितका नमुना लहान होतो, हे मात्र विसरून चालत नाही. इलेक्ट्रॉन आरपार जाण्यासाठी धातूचा काप सुमारे १०० नॅनोमीटर इतका पातळ लागतो, आणि अशा कापावरून काही किलोच्या कॅमशाफ्टविषयी बोलणे धाडसाचे असते. तरीही ओतशाळेच्या एका जुन्या कोड्यावर प्रकाश पडला तो याच मार्गाने. ग्राफाइट सहज सुटावे म्हणून रसात ओतण्यापूर्वी थोडे फेरोसिलिकॉन टाकतात, त्याला इनॉक्युलेशन म्हणतात; त्याने ग्राफाइट का सुटते, हेच ते कोडे. पाकळीच्या मुळाशी मँगनीज सल्फाइडचा काही मायक्रॉनच्या आतला कण, आणि त्याच्याही पोटात ऑक्साइडचा आणखी लहान कण, अशी एकात एक रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उघड केली. इनॉक्युलेशनचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो, हे ओतकाम करणाऱ्यांना त्याआधीपासून ठाऊक होते. कॅमशाफ्टच्या बाबतीत हा तोल अधिकच नाजूक असतो: परिणाम जास्त झाला तर कॅममध्ये ग्राफाइट शिरून तो मऊ पडतो, कमी झाला तर दांड्यात सिमेंटाइट उतरून कातणाऱ्या टूलची धार जाते. एवढ्या थोड्या वेळात ॲटम प्रोब उपयोगी पडत नाही. तिथे त्याच रसाची छोटी पाचर ओततात, निवल्यावर मोडतात, आणि तिच्या पातळ टोकाकडचा पांढरा, म्हणजे सिमेंटाइटचा, पट्टा किती रुंद आला हे मोजून रस ओतायचा की सुधारायचा ते ठरवतात.