पदवी जुन्या नावाची

पारलिंगी व्यक्ती आणि अभियांत्रिकी यांचा एकत्र विचार केला, की न जुळणारी दोन चित्रे समोर येतात. संगणकशास्त्राच्या इतिहासात पारलिंगी अभियंत्यांची नावे ठळक आहेत. इकडे भारतात २०११च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ अशी नोंद झालेल्या ४,८७,८०३ जणांमध्ये साक्षरता जेमतेम ५६ टक्के होती. देशाची ७४ टक्के. महाराष्ट्रातील अशा नोंदी ४०,८९१. या विसंगतीचे उत्तर बरेचसे एका गोष्टीत आहे: घर कोणत्या वयात सुटले?

मुलगा ‘तसा’ आहे, अशी कुजबुज बहुधा दहावीच्या आधीच सुरू होते. चिडवणे, मार, मग शाळा सुटते. तृतीयपंथीयांच्या परंपरेत गुरूकडे गेलेल्या चेल्याच्या वाट्याला बधाई (शुभप्रसंगी नाचगाण्याची कमाई) आणि मंगती (भीक) येते. त्या वाटेवर अभियांत्रिकी महाविद्यालय लागत नाही. जे गप्प राहिले, पँट-शर्टात बारावीपर्यंत टिकले, तेच सीईटीपर्यंत पोचतात. म्हणून पारलिंगी व्यक्तींचा ओढा तंत्रशाखेकडे असतो, हे अनुमान फसवे आहे. आपल्याला टिकलेले तेवढे दिसतात. शिवाय गणितात बऱ्या मुलाला अभियांत्रिकीला घालणे हा मध्यमवर्गीय मराठी घराचा शिरस्ताच आहे. त्यात त्या मुलाची आवड किती, हे विचारतो कोण?

उदाहरणार्थ, रत्नागिरी जिल्ह्यात अभियांत्रिकीचे शिक्षण दाराशी आहे. शासकीय तंत्रनिकेतन जुने आहे, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत फिनोलेक्स अकादमी, देवरुखजवळ आंबवला राजेंद्र माने महाविद्यालय, आणि २०२२ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही. पण पदवीनंतर वाट मुंबई-पुण्याकडेच जाते. कोकणात मुलगा चाकरमानी झाला तर त्याचे कारण कुणी विचारत नाही, आणि पारलिंगी तरुणाला ही न विचारलेली परवानगी फार उपयोगी पडते. पहिला पगार, स्वतःची खोली, मग हळूहळू स्वतःचे कपडे आणि नाव. प्रश्न उभा राहतो तो गणपतीला गावी परतताना. कित्येकांचे आयुष्य असे दोन नावांत विभागलेले राहते.

ट्रान्स पुरुषाची गोष्ट वेगळी. घरच्यांच्या लेखी ती मुलगी असते; तिने एकटीने बाहेरगावी राहायचे तर निमित्त लागते, आणि पदवी हाती येण्याआधीच स्थळे पाहायला सुरुवात होते. कॅम्पस मुलाखतीत मिळालेली नोकरी हे लग्न पुढे ढकलण्याचे सर्वांत प्रतिष्ठित कारण. या मंडळींबद्दल मराठीत फार कमी लिहिले गेले आहे.

नोकरीत शाखेनुसार फरक पडतो. सॉफ्टवेअरमध्ये काम पडद्यावर तपासले जाते, घरूनही करता येते. लोटे-परशुरामच्या रसायन कारखान्यात किंवा जयगडच्या वीज प्रकल्पात कामाची पाळी, गणवेश, कपडे बदलायची खोली, स्वच्छतागृह, सारे स्त्री-पुरुष असे विभागलेले. यंत्र अभियांत्रिकी शिकलेला माणूस संगणकाकडे वळतो, त्यामागे कधीकधी एवढे साधे कारण असते.

अमेरिकी संगणक अभियंता लिन कॉन्वे यांचा प्रवास इथे पाहण्याजोगा आहे. लिंगबदलाचा निर्णय कळल्यावर आयबीएमने त्यांना १९६८ मध्ये काढून टाकले. नव्या नावाने त्यांनी कंत्राटी प्रोग्रॅमर म्हणून तळापासून सुरुवात केली. आधीचे संशोधन स्वतःचे म्हणून सांगायची सोय नव्हती. पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात असताना कार्व्हर मीड यांच्यासह त्यांनी चिपची रचना विद्यार्थ्यांनाही करता येईल इतकी सुटसुटीत केली. त्यावरचे दोघांचे पाठ्यपुस्तक १९८० मध्ये आले. आयबीएमने माफी मागितली २०२० मध्ये. ब्रिटिश संगणक अभियंता सोफी विल्सन यांनी एआरएम प्रोसेसरचा आज्ञासंच १९८०च्या दशकात रचला, स्त्री म्हणून त्या जगू लागल्या त्यानंतर. पण त्यांचे श्रेय त्यांच्या नव्या नावाबरोबर आले. दोघींच्या बुद्धीत डावे-उजवे करता येणार नाही. फरक पडला तो मागचे काम पुढच्या नावाला जोडले गेले की नाही, यामुळे.

भारतात ही जोडणी कागदांवर होते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात तृतीय लिंगाला मान्यता दिली. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या २०१९च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्राची सोय केली आणि नोकरीतील भेदभावाला मनाई केली. पण रत्नागिरीच्या अभियंत्याची दहावीची गुणपत्रिका कोकण विभागीय मंडळाची, पदविका तंत्रशिक्षण मंडळाची आणि पदवी विद्यापीठाची. राखीव प्रवर्गातील असेल तर जात पडताळणीही जुन्या नावाची. यातला एक कागद मागे राहिला, तरी कंपनीच्या पडताळणीत उमेदवार दोन माणसे ठरतो.

सरकारी नोकरीत कर्नाटकाने २०२१ मध्ये तृतीयपंथीयांसाठी एक टक्का समांतर आरक्षण ठेवले. महाराष्ट्रात महापारेषण या सरकारी वीज कंपनीच्या भरतीत असे आरक्षण मिळावे, म्हणून विद्युत अभियांत्रिकीची पदवी व पदव्युत्तर पदवी असलेल्या पारलिंगी उमेदवाराला मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. आणि नोकरी मिळाली म्हणजे झाले असेही नाही. कोची मेट्रोने २०१७ मध्ये २३ पारलिंगी व्यक्तींना कामावर घेतले, तेव्हा देशभर कौतुक झाले. त्यांतील काहींनी थोड्याच दिवसांत काम सोडले, कारण त्यांना शहरात कुणी भाड्याने खोली दिली नाही.